त्या काठावरून चांगलं दिसते

(रंगमंचावर एक खुर्ची, कापडी पिशवी, पाण्याची कॅन. माणूस खिसे चाचपत येतो. आतल्या खिशाशी थांबतो, हायसं वाटतं.)

हाय. आहे, आहे.

मी ढाणकीचा. तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ. आता यवतमाळ आमाले शंभर किलोमीटरच्या वर. त्याच्यानं दुखलं-खुपलं की गाडी सुटते नांदेडले. कलेक्टर यवतमाळचा, डॉक्टर नांदेडचा, असा आमचा कारभार.

तं झालं काय, पुण्यातून साळ्याचा फोन. "दाजी, तुमच्या सहस्रकुंड धबधब्याचा व्हिडिओ पाहिला. काय पाणी आहे! तुम्ही दर पावसाळ्यात जात असाल ना?"

(थांबतो.)

वय सत्तेचाळीस. पैनगंगेच्या अंगाखांद्यावर वाढलो. तिरुपतीले जाऊन आलो, शिर्डी दोनदा झाली. पण सहस्रकुंड? पिकते तिथं इकत नाही म्हणतात, तसं जवळ असते ते दिसत नाही. मी म्हटलं, "हाव तं! आमचं घरचंच आहे!"

बायको मागं उभी. (बायकोच्या आवाजात) "घरचं आहे तं मले काऊन नाही दाखवलं आजवर?"

रविवार ठरला. साळा म्हणे, "जमलं तर मीही निघतो, पाहतो." पुण्याचा माणूस 'पाहतो' म्हणला की आपण ते सोडून द्याचं.

गाडी शेजाऱ्याची. गाडीसोबत शेजाऱ्याची माय आली, मायसोबत दोन नाती आल्या, नातींसोबत पाण्याची कॅन आली. गाडी सात जणांची, आमी अकरा. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा, कांदे. एका दिवसाच्या सहलीले एका लग्नाचं सामान! निघताना बायकोनं कुलूप तीनदा ओढलं. चौथ्यांदा लटकून पाह्यलं. मग किल्ली माह्या हाती. "वरच्या खिशात नोको. आतल्या."

बिटरगाव गेलं, सागवान लागलं, रस्त्यानं आमची हाडं मोजून घेतली आन् आमी मुरली गावाच्या बाजूनं नदीवर पोचलो.

(आवाज खाली.)

खरं सांगू? मी चूप झालो. इसापूर धरणाचं पाणी सुटलेलं. नदी कशी, चहासारखी तांबूस. खडक काळा, उलट्या ठेवलेल्या तव्यांसारखा. चहा त्या तव्यांवर आदळते आन् पांढरा धूर होऊन वर येते. परशुरामानं बाण मारला आन् नदीच्या हजार धारा झाल्या, असं जुने लोक सांगतात. मी चश्मा पुसतो, पुन्हा ओला. पुसतो, पुन्हा ओला. हातातली कडक भाकर तुषारानं अशी नरम झाली, की शेजाऱ्याची माय म्हणे, "बाप्पा, दात नाही तरी चावली!"

आता इथं थांबलो असतो तं हा प्रयोग झाला नसता. बाजूले एक माणूस कणीस खात उभा. त्यानं दाणे चघळत सांगितलं, "भाऊ, त्या काठावरून चांगलं दिसते."

बायकोनं ऐकलं. संपलं!

तो काठ म्हणजे नांदेड जिल्हा. इस्लापूरची बाजू. मधात नदी. एक सांगतो, माही आजी त्या काठची. तिच्या काळी हा काठ मध्य प्रदेशात आन् तो हैदराबादेत. 1956 च्या नोव्हेंबरात दोन्ही काठ मुंबई राज्यात आले. त्याच्याआधी आजी माहेरी जाले निघाली, की राज्य बदलत होती! तेही डोक्यावर पापडाचं गठुडं घेऊन. आता फक्त जिल्हा बदलते, पण आमच्या गाडीत अकरा जण होते.

पुलाले वळसा. लेकरं झोपली. शेजाऱ्याची माय विचारते, "आलं का?" दर दहा मिनिटाले. पोचलो तं ऊन कललेलं. महादेवाचं दर्शन घेतलं, काठावर गेलो. धबधबा तोच. पाणी तेच. फरक एवढाच, की आता समोर आपला काठ दिसत होता. आन् देवाशपथ सांगतो, तो काठ लय चांगला दिसत होता!

तेवढ्यात नांदेडचं एक कुटुंब. "तुम्ही तिकडून आलात ना? तिकडून कसं दिसतं?"

मी दोन्ही हात जोडले. "दादा, लेकरं लहान आहेत तुमचे. घरी जा."

(फोनची रिंग. खिसे चाचपतो, फोन काढतो.)

साळा! "दाजी, सरप्राइज! पहाटेच निघालो पुण्याहून. तुमच्या घराला कुलूप. शेजारी म्हणाले सहस्रकुंड. आलो इथं. तुम्ही कुठं?"

मी समोर पाह्यलं. पल्याड काठावर निळा शर्ट. हात हालवते. त्याच्या बाजूले तोच कणीसवाला, काहीतरी सांगून राह्यला त्याले.

(ओरडतो.) अरे, येऊ नोको! तिथंच थांब!

पाण्याचा आवाज. फोन कटला. बायको आनंदानं दोन्ही हात हालवते. निळा शर्ट गाडीत बसला. गाडी वळली. पुलाकडं!

(धावत विंगेपर्यंत जातो, परत येतो. आतल्या खिशातून किल्ली काढून धरतो.)

मंडळी, त्याले घरी पाठवाव म्हटलं असतं... तं किल्ली अशी इकडं.

(बायकोच्या आवाजात) "अवो, तो येऊन राह्यला, तं आपणच जाऊ ना सामोरे. पुलाकडून!"

(अंधार.)