मालक हो रे, पण बिल पुढच्या महिन्यात!

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दोनच विषयांवर एकमत होतं. एक, मराठी माणूस धंद्यात मागे पडतो. दोन, हाउसकीपिंगवाल्याचं बिल फार येतं. दोन्ही विषयांवर तावातावाने बोलणारे काका बहुधा तेच असतात: उभी हयात एका खुर्चीत काढून पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनसह सुखरूप बाहेर पडलेले. धंदा करावा, हे त्यांचं ठाम मत. दुसऱ्याने.

असल्या उपदेशाने एखादा हाउसकीपिंग सुपरवायझर पेटतो. पहाटे सहाला हजेरी आपण घ्यायची, खाडा पडला तर बदली माणूस आपण शोधायचा आणि मलई कंत्राटदाराने खायची? शिवाय हणमंतराव गायकवाडांचं उदाहरण तयारच असतं. रहिमतपूरचा मुलगा, टेल्कोतली नोकरी सोडली, साफसफाईच्या कामांतून बीव्हीजी ही कंपनी उभी केली. गोष्ट खरी आहे आणि मोठीही. फक्त उद्योजकतेच्या व्याख्यानांत राजीनाम्याचा दिवस रंगवून सांगतात आणि सात तारखेचा विषय टाळतात.

नोकरीत सात तारखेला पगार मिळतो, धंद्यात तो द्यायचा असतो. महिना संपल्यावर सात दिवसांत पोरांचे पगार झाले पाहिजेत, असा कायदाच आहे. सोसायटी मात्र बिल कमिटीच्या बैठकीत ठेवते आणि बैठक कोरम नसल्याने पुढे जाते. मधल्या काळात पोरं उचल मागतात. ती नाकारली, तर सोमवारी दोघं येत नाहीत आणि बी विंगचा जिना मालक स्वतः पुसतो. व्हिजिटिंग कार्डावर ‘प्रोप्रायटर’ छापलेलं असतंच.

आता हिशेब करू. दोन सोसायट्या, प्रत्येकी सहा माणसं, माणशी पंधरा हजारांचं बिल. वर्षाचे झाले 21 लाख 60 हजार. आकडा ऐकून सासरवाडी खूश, पण जीएसटीची 20 लाखांची वेसही ओलांडली. आता बिलावर 18 टक्के चढणार आणि सेक्रेटरी विचारणार, ‘हे तुमच्यातच बसवा ना.’ तो कर बिल निघालं की लागतो, चेक वटण्याची वाट बघत नाही. दहा माणसं झाली की ईएसआय, वीस झाली की पीएफ. काल जो 12 टक्के मालकाकडून घेत होता, तो उद्या ते पोरांना देणार. स्वतःच्या खात्यात भरणारा मालक आता त्याला उरलेला नाही.

मध्येच एखादा नवखा पोरगा संडास धुवायचं आर-सिक्स क्लीनर लॉबीतल्या मार्बलवर ओततो. आम्ल आणि संगमरवर यांचं जमत नाही. चकाकी जाते ती फडक्याने परत येत नाही. पॉलिशचा खर्च बिलातून कापला जातो. ती केमिकल्स स्वस्तातली घ्या, हे ज्या सदस्यांनी सुचवलेलं असतं, तेच कापतात. नोकरीत असता, तर एक मेमो मिळाला असता.

म्हणून नोकरी की धंदा, हा धाडसाचा प्रश्न म्हणून मांडू नये. तीन महिन्यांचे पगार, एकही बिल न येता, खिशातून देता येतील का? पोरगा आला नाही तर स्वतः संडास घासायची तयारी आहे का? दोन्हीला ‘हो’ असेल, तर खुशाल राजीनामा द्यावा. तोही दसऱ्याच्या आधी. दिवाळीच्या साफसफाईत हात मोकळे नसतात, फेब्रुवारीत मोकळेच असतात. उत्तर ‘नाही’ असेल, तर सुपरवायझरकीत लाज कसली? तिथे निदान पगार कोरमवर अवलंबून नसतो.

छोट्या उद्योगांचं बिल फार तर 45 दिवसांत द्यावं, असं 2006 चा कायदा म्हणतो. उशीर झाला तर व्याजही मागता येतं. पण गिऱ्हाइकावर तक्रार करायची, तर आधी दुसरं गिऱ्हाईक हवं, आणि ते शेजारच्या सोसायटीत असतं. तिथल्या सेक्रेटरीला इकडचा सेक्रेटरी रोज सकाळी बागेत भेटतो.

तेव्हा काकांना एकच विनंती: मराठी उद्योजक घडवायचाच असेल, तर भाषण राहू द्या, पाच तारखेला चेक द्या. तयार आहेत म्हणे. फक्त चेकवर दोन सह्या लागतात आणि खजिनदार सध्या न्यू जर्सीला मुलाकडे गेलेत. मुलगा तिथे चांगल्या नोकरीत आहे.