द्वीपावतरण : नगर जिल्ह्यातील प्रवाशांसाठी एकदिवसीय आचारपद्धती

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, ही भूगोलातील उणीव मानली जात असली तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती पात्रताच ठरते. कारण ज्याचे उन्हाळे टँकरची वाट पाहण्यात गेले, तोच चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या आणि तरीही पिण्याच्या पाण्यासाठी जपून वागणाऱ्या भूमीकडे पुरेशा गांभीर्याने पाहू शकतो. लक्षद्वीप प्रशासनाची ‘समुद्रम्’ ही सहल अशा अभ्यासकासाठी सोयीची होय. तीत कोचीहून निघालेल्या जहाजावर रात्री काढायच्या असतात आणि कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय या बेटांवर एकेक दिवस उतरायचे असते. सकाळी उतरून संध्याकाळी जहाजावर परतण्याच्या या क्रियेस येथे ‘द्वीपावतरण’ अशी संज्ञा योजली आहे.

पूर्वतयारीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो, आणि मनमाडला मिळणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नावात लक्षद्वीप असूनही एर्नाकुलमलाच थांबते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. शेंगदाण्याची चटणी किती न्यावी याबद्दल मतभेद आहेत. न्यावी याबद्दल नाहीत.

प्रत्यक्ष अवतरणाचा प्रसंग मात्र बारकाईने समजून घ्यावा. प्रवाळ म्हणजे पोवळ्याचे सूक्ष्म जीव. त्यांच्या सांगाड्यांच्या थरांतून बेटाभोवती जो बांध तयार होतो, त्याच्या आतल्या उथळ, हिरव्यानिळ्या पाण्यास लगून म्हणतात. मोठ्या जहाजाला तेथे शिरता येत नसल्याने ते बाहेर उभे राहते आणि प्रवाशांना लहान होडीत उतरवले जाते. होडी लाटेबरोबर वर येते, क्षणभर जहाजाच्या दाराशी समपातळीत थांबल्यासारखी होते आणि पुन्हा खाली जाते. त्या क्षणी खलाशी दंड धरून प्रवाशाला आत घेतो. तारकपूर स्थानकावर पुरती न थांबलेली एसटी पकडण्याचा अनुभव येथे उपयोगी पडतो, फक्त आधी रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत येथे चालत नाही, कारण रुमाल समुद्रात जातो.

बेटावर पाऊल पडताच “इथला पॉइंट कुठाय?” असे विचारण्याचा मोह आवरावा. कळसूबाईचे १६४६ मीटर ज्याच्या जिल्ह्याच्या हद्दीवर उभे आहेत, त्याला उंचीची सवय असणे स्वाभाविक आहे. पण ही बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर आहेत आणि उंचावरून पाहण्याची हौस मिनिकॉयच्या १८८५ सालच्या दीपगृहावर भागवावी लागते. विस्ताराचेही तसेच. नगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, तर लक्षद्वीपची सगळी बेटे मिळून ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे पारनेर तालुक्याच्या एका कोपऱ्यात मावतील एवढी; ही तुलना स्थानिकांना ऐकवू नये. तीर्थक्षेत्राहून काहीतरी बरोबर आणण्याचा रिवाज येथे प्रवाळाच्या तुकड्यास लागू करू नये, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण आहे आणि ‘देव्हाऱ्यात ठेवायचं होतं’ हा बचाव त्या अधिनियमात नाही.

आता मुख्य विषय. नगरच्या शेतकऱ्याला कोणतीही विहीर दिसली की तो वाकून आत पाहतो आणि खोली अजमावण्यासाठी खडा टाकतो. बेटावरील विहिरीत हा प्रयोग फसतो. खडा हातातून सुटतो न सुटतो तोच ‘डुब्’ असा आवाज येतो. त्यावरून येथे पाण्याची चंगळ आहे असा निष्कर्ष काढणे ही घाई होईल. पावसाचे पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्याच्यावर तरंगत राहते; मधे जाड आणि कडांना पातळ असलेल्या या थरास गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात. भरतीला विहिरीची पातळी चढते, ओहोटीला उतरते. पाचशे फुटांवर पाणी लागले नाही तर सातशेवर लागेल, या बोअरवाल्याच्या तत्त्वज्ञानाचा येथे सपशेल पराभव होतो, कारण खोल गेले किंवा बेसुमार उपसले की खालून खारे पाणीच वर येते. पाणी आहे तेवढेच उपसावे, हा हिशेब हिवरेबाजारच्या ग्रामस्थांना बेटावर जाऊन शिकावा लागणार नाही. इतरांनी विहिरीच्या काठावर थोडा वेळ उभे राहावे.

कवरत्तीवर २००५ साली सुरू झालेला, दिवसाला सुमारे एक लाख लिटर गोडे पाणी देण्याच्या क्षमतेचा प्रकल्प समजून घ्यायला साखर कारखान्यातल्या पॅनमनसारखा माणूस नाही. पॅनमध्ये निर्वात करून रस कमी तापमानाला उकळवतात, तसेच येथे समुद्राचे वरचे कोमट पाणी निर्वात टाकीत सोडले की त्याचा काही अंश वाफ होतो आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्याच्या नळ्यांवर ती वाफ निवून गोडे पाणी मिळते. मळी निघत नाही, त्यामुळे या उद्योगाला राजकीय भवितव्य नसावे.

पथकात एखादे मामा पाणाडे असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवावे. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचे आणि तो उभा राहिला की तेथे पाणी, ही त्यांची पद्धत. बेटावर नारळांना तोटा नाही, पाणी पुरुषभर खोलीच्या आतच असते, म्हणून नारळ दर पावलाला उभा राहतो आणि प्रत्येक वेळी मामा बरोबर ठरतात. त्यांना थांबवू नये. मात्र येथे पडलेल्या नारळालाही मालक असतो, तेव्हा तो उचलला त्या झाडाखाली परत ठेवायला लावावा आणि शेवटची होडी सुटण्याआधी त्यांना धक्क्यावर आणावे.