बल्लारशाची चौकट

पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे १९६३ साली, आमच्या तीर्थरूपांनी पुण्यात जे घर बांधले, त्याच्या गिलाव्याविषयी अथवा गच्चीविषयी त्यांनी स्वतःही कधी फाजील अभिमान बाळगला नाही. परंतु त्याच्या चौकटी अस्सल बल्लारशाच्या सागवानाच्या आहेत, ही वार्ता ते येणाऱ्याजाणाऱ्यास, त्यात पोस्टमनही आला, चहाच्या आधी देत असत. त्यांच्या पश्चात घराबरोबर ही आख्यायिकाही वारसाहक्काने माझ्या नावे लागली आणि मी तिची वहिवाट बिनदिक्कत चालू ठेवली. माझी पत्नी आलापल्लीकडची, सागाच्या रानाशेजारी वाढलेली. एकतीस वर्षे तिने ही हकीगत ऐकून घेतली आणि अवाक्षर काढले नाही. मौन म्हणजे संमती, असे मला शाळेत शिकविले होते.

यंदा मृगाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी ओसरीच्या दिव्याभोवती पाखरांची जी झुंबड उडाली, तिचे पंख सकाळी सूपभर निघाले. त्यानंतर दोनच दिवसांनी माजघराच्या चौकटीलगत पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची एक रेघ भिंतीवर चढताना दिसली. ती ओल असावी, असा निर्णय मी दिला. पत्नीने नखाने ती फोडली. आतून पांढुरक्या जिवांची जी धावपळ झाली, ती पाहता अपील करण्यास जागा उरली नाही.

तपासणीस आलेला तरुण अदबशीर होता. त्याने बॅटरी दातांत धरली, स्क्रूड्रायव्हर उलटा केला आणि त्याच्या मुठीने चौकट खालपासून वर ठोकीत नेली. खाली आवाज ‘ठक्’ असा आला, कमरेच्या उंचीवर तो ‘ढब’ झाला, आणि मग पुढे सर्वत्र ढबच. “काका, पोकळ आहे,” असे म्हणून त्याने हत्यार सुलट करून टोक किंचित टेकविले मात्र, तोच पापड मोडावा तसा रंग मोडून ते मुठीपर्यंत आत गेले. दर दोन दिवाळ्यांनी मी जो ऑइलपेंट देत आलो होतो, त्याच्याच आधाराने चौकट उभी होती, हे ऐकून मला क्षणभर धन्यता वाटली.

वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात खरे, पण ती मुंगीच्या नव्हे, झुरळाच्या कुळातली. तिचे मजूर आंधळे असतात, उजेड आणि कोरडी हवा त्यांना सोसवत नाही, म्हणून ते जमिनीखालच्या वारुळापासून लाकडापर्यंत मातीचे बोगदे बांधीत येतात, हे सर्व त्याने मला जमिनीवर उकिडवे बसवून समजावले. मुंग्यांमधला नर विवाहानंतर लवकरच मरतो. वाळवीचा राजा मात्र राणीच्या सहवासात त्याच अंधाऱ्या दालनात वर्षानुवर्षे राहतो. (तोही तेथे आपल्या वडिलांच्या चौकटींविषयी बोलत असेल काय, ही शंका मी मनातच ठेवली.)

“पण हा तर बल्लारशाचा साग!” मी अखेर म्हणालो.

“काका, सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. हे एकतर सालीलगतचं पांढरं लाकूड, नाहीतर साग नव्हेच. ठेकेदारानं सांगितलं असेल तसं,” तो हळुवारपणे म्हणाला, वैद्यसुद्धा इतक्या हळुवारपणे नाडी सोडीत नाहीत.

चौकटीशेजारीच पत्नीचे कपाट आहे, लग्नात तिच्या वडिलांनी दिलेले. मातीची रेघ त्याच्या एका पायावर वीतभर चढली होती, तेथे काही विचार करून उतरली होती आणि वळसा घालून थेट माझ्या पुस्तकांच्या मांडणीकडे गेली होती. तरुणाने कपाटावर मूठ आपटली. ठक्. पुन्हा ठक्.

“हे कुठलं, काकू?”

“आमच्याकडचं,” पत्नी म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

पुढचा बंदोबस्त दोन दिवसांत उरकला. भिंत व फरशी जिथे मिळतात त्या सांध्यात फूट फूट अंतरावर बोटाएवढी भोके पाडली गेली, त्यांतून पायाखालच्या मातीत औषध सोडले गेले आणि पांढऱ्या सिमेंटने तोंडे बुजविली गेली; घराला आता चहूकडून सदऱ्याची बटणे लावल्यासारखी दिसतात. हल्लीच्या काही औषधांचा वाळवीला वासही येत नाही, ती बेसावधपणे त्यातून जाते आणि भाऊबंदांना वाटीत फिरते, असे तरुण म्हणाला. माजघराची चौकट उतरवून लोखंडी बसविली आणि पाच वर्षांचे हमीपत्र माझ्या हाती पडले.

हा दस्तऐवज कोठे ठेवावा, असा प्रश्न आला. माझी मांडणी अंगणात ऊन खात होती. मी पत्नीकडे कपाटाची किल्ली मागितली. तिने स्वतः कपाट उघडले, कागद पैठणीखाली सरकविला, दार लावले आणि माझ्याकडे न बघता बोटाच्या पेराने त्यावर दोनदा वाजविले.