तिथलचा समुद्र, सुरगाण्याची कटिंग

समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा सुरगाण्याला फक्त मागे टाकायचं होतं. पहाटे नाशिक सोडायचं, वणी, बोरगाव, सुरगाणा करत गुजरातेत उतरायचं, वलसाडजवळ तिथलच्या काळ्या वाळूत पाय बुडवायचे आणि रात्री परत. महिना जुलैचा. काकांनी नकाशा दहादा पाहिला. वर आभाळाकडे तेवढं बघायचं राहिलं.

सुरगाण्यात पुढचा रस्ताच ढगात शिरला. मंडळी चहाच्या हॉटेलात शिरली.

जुनं चहाचं हॉटेल म्हटलं की काकूंच्या डोळ्यांपुढे मुंबईचा इराणी येतो: १९०४ सालचं कयानी, संगमरवरी टेबलं, बनमस्का. इथे बाकडी, बरण्या, पातेल्यात डोकावणारी गवती चहाची पाती आणि वर पत्रा. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की बोलणाऱ्याचे नुसते ओठ दिसत. काकांनी अंगठा आणि तर्जनीत जरा फट ठेवून ‘साखर एवढीशीच’ असं खुणावलं. मालकांनी मान डोलावली. कटिंग आली. साखर पुरेपूर.

सर जरा ओसरली तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, “आम्ही कोकणी.”

“म्हणजे समुद्र जवळच असेल?” काकू सावरून बसल्या.

आजोबांच्या समाजाचे पूर्वज कोकणातून घाट चढून इकडे आले, असं सांगतात. म्हणजे समुद्र मागे टाकूनच. इथे नागली, भात, वरई. हल्ली बोरगावकडे स्ट्रॉबेरीही. मासळीच्या आशेवर काकूंनी भजी मागवली.

सुरगाणा हे एके काळचं संस्थान. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालेलं. ‘सुविधा द्या, नाहीतर गुजरातेत जाऊ द्या’ असं २०२२ मध्ये इथल्या सीमेवरच्या गावांनी म्हटलं, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. काकांचं कुटुंब सकाळपासून गुजरातेत जायला निघालं होतं. त्याची दखल फक्त भजीवाल्याने घेतली.

भाच्याने ‘टॉवेल, बादली, फावडं’ अशी यादी लिहिलेल्या कागदाची होडी केली आणि पागोळ्यांखाली सोडली. तालुक्यातली नार पुढे पारला मिळते, पार वलसाडच्या दक्षिणेला अरबी समुद्राला. मार्ग बिनचूक होता. होडी हॉटेलच्या पायरीलाच अडकली.

काकांनी ती छत्रीच्या टोकाने ढकलली, आत वळून पुन्हा तीच दोन बोटं दाखवली. त्यांना आता कटिंगच हवी होती.

या वेळी पूर्ण कप आला. साखर कमी.