मीटरवाला आणि मानवत

"अगं, कपडे नंतर वाळत घाल. आधी इकडे ये," काकूंनी भिंतीवरून हाक मारली.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली आमच्या दोन घरांमधली ही भिंत जेमतेम कमरेएवढी. २०१९ च्या जुलैत उल्हास नदी चढली तेव्हा तिचं प्लॅस्टर सुटलं, ते अजून तसंच आहे. पण संध्याकाळी तिच्यापाशी जेवढे खटले चालतात, तेवढे कल्याणच्या कोर्टात चालत नसतील.

"आज कुणाचा खून, काकू?"

"खून नाही, सुधारणा. आपल्या बैठकीचे नियम बदलायचेत. त्या मीटरवाल्या पोराचं कळलं ना तुला?"

कळलं होतं. विजेच्या मीटरचा फोटो काढणाऱ्या पोराचाच पलीकडच्या मावशींनी फोटो काढला आणि खाली लिहून पाठवलं, 'घरं हेरणारी टोळी फिरतेय.' दुपारपर्यंत तो फोटो फिरून मला माझ्या नणंदेकडून आला. पोराच्या गळ्यात ओळखपत्र होतं. पण फोटोत ते कुणी मोठं करून बघतंय?

"मावशी घाबरल्या असतील हो," मी म्हटलं.

"घाबरलेले तर राईनपाड्यातलेही होते."

काकूंना गुन्ह्यांच्या तारखा पाठ. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर आधीच पोचली होती. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाच जण गेले.

"म्हणून पहिला नियम," काकू म्हणाल्या, "बातमी आणणाऱ्याने आधी सांगायचं, कुठून आणली. डोळ्यांनी पाहिलं, पेपरात वाचलं, की नणंदेने पाठवलं."

"नणंदेचं चालेल?"

"चालेल. पण नणंद म्हणूनच चालेल, पोलीस कमिशनर म्हणून नाही."

"आणि मग बोलायचं काय? भेंडीचा भाव?"

"जुनं काढू की! जुन्यात काय कमी आहे?"

झालं. काकूंचं माहेर पुण्याचं, त्यामुळे जुनं म्हटलं की जक्कलचे खून आलेच. ३१ ऑक्टोबर १९७६ ला विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंब, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या घरात पाच जण, त्यात संस्कृतचे पंडित काशिनाथशास्त्री. त्या हिवाळ्यात अंधार पडला की पुण्याची दारं बंद व्हायची. ओळखीचा आवाज आला तरी खिडकीतून तोंड बघूनच कडी काढायची. निघाले कोण, तर अभिनव कला महाविद्यालयातली पोरं. पहिला खून तर त्यांनी आपल्याच कॉलेजमधल्या प्रकाश हेगडेचा केलेला. सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला आणि जक्कलसह बाकीचे चौघे २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फासावर गेले.

"सगळ्यांचा संशय कुणावर होता, माहितीये?" काकूंनी आवाज खाली आणला. "गडी, भय्ये, फिरस्ते. आमच्या आळीतल्या बायकांनी दूधवाल्यालासुद्धा जिन्याखालीच थांबवलं होतं. कॉलेजातल्या पोरांचं नाव एकीच्याही तोंडी आलं नव्हतं."

"ठीक आहे. मग कोर्टाचा निकाल लागला असेल, तरच बोलायचं. असंच ना?"

काकूंनी मान हलवली. म्हणाल्या, निकालाचंही बघून बोलायचं. आणि नाशिकचं प्रकरण काढलं. ते मी वाचलं होतं, पण त्यांच्याइतकं धरून ठेवलं नव्हतं. जून २००३ मध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. खालच्या कोर्टात फाशी, हायकोर्टात तिघांची फाशी जन्मठेपेवर आली आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधले चौघे ओळखले होते, ते चौघे वेगळेच होते! ती गोष्ट बाजूला पडली होती. सहा जणांची सोळा वर्षं तुरुंगात गेली. एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाख भरपाई.

"देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाला असं मागे यावं लागतं," काकू म्हणाल्या, "आणि आपण मात्र चहा गाळेपर्यंत आरोपी ठरवून मोकळ्या."

आता माझं डोकं तापलं. "काकू, हे सगळं बरोबर. पण २०२४ चं काय? तेव्हा बदलापूर गप्प बसलं असतं तर?"

काकू जरा थांबल्या. त्या ऑगस्टचं आमच्या भिंतीवर फार बोललं जात नाही. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरचा अत्याचार, तक्रार घ्यायला पोलिसांनी तासन् तास लावल्याचा आरोप, २० ऑगस्टला दिवसभर रुळांवर बसलेलं गाव. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, पोलीस अधिकारी निलंबित झाले. ओरडलो नसतो तर यातलं किती झालं असतं?

"ओरडायचं नाही असं मी कुठे म्हणते? पोलिसांवर ओरड, शाळेवर ओरड. पण त्याच दिवसांत याच भिंतीवर विचारलं गेलं, 'कुणाची गं मुलगी? कुठल्या गल्लीतली?' त्याचा शाळेशी काय संबंध? मुलींची ओळख छापायला कायद्याने बंदी आहे, आपल्या तोंडाला नाही, म्हणून विचारायचं? आणि मुलगी दगावल्याची थाप कुणी पसरवली? त्यात एकीला अटकही झाली होती."

विचारणाऱ्यांत मावशी होत्या. मीही उत्तर ऐकायला थांबले होतेच.

"आणि सप्टेंबरात पोलिसांच्या गाडीत आरोपीला गोळी लागून तो मेला, तेव्हा पेढे वाटले लोकांनी," काकू म्हणाल्या. "मी घेतला नाही. तो साधू होता म्हणून नाही गं. त्याच्यावरचा खटलाच संपला. भर कोर्टात उलटतपासणी झाली असती, तर शाळेत कुणाला काय माहीत होतं, कुणी काय दडवलं, ते बाहेर आलं असतं."

पुढे चौकशीच्या अहवालात त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांवर ठपका आला, हे मला आठवलं. पण ते मी पेपरात वाचलं होतं की कुणी पाठवलं होतं, हे आठवेना, म्हणून नव्या नियमाप्रमाणे गप्प राहिले.

तेवढ्यात मावशी आल्याच. "ऐकलंत का, मांजर्लीत काल रात्री—"

"कुठून?" काकू.

"काय कुठून?"

"बातमी कुठून आणली, मावशी? नवा नियम आहे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मी बादलीकडे. "जाऊ द्या मग. आमच्या बोलण्याला आता पावती लागते!"

"अहो, रागवू नका. 'मानवत मर्डर्स' ही मालिका पाहिलीत ना तुम्ही? उद्या त्यातल्याच पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींची दुसरी केस आहे. खुनी रमण राघव. ऑगस्ट १९६८ मध्ये मुंबईत पकडला, तर तोंडच उघडेना. कोंबडी खायला घातली, मग डोक्याला तेल, कंगवा, आरसा, आणि मग घडाघडा बोलला म्हणतात."

मावशींचा पाय निघेना. "म्हणतात म्हणजे कुठून?"

"पुस्तकातून," काकू तोऱ्यात म्हणाल्या.

"मग परवा ठेवा," मावशी म्हणाल्या. "उद्या माझी चतुर्थी. उपाशीपोटी कोंबडीचं ऐकवायचं नाही मला."