फायरचे पनवेली अर्थ

‘फायर’ हा इंग्रजी शब्द पनवेल परिसरात इतका रुळला आहे की ‘अग्निशमन’ हा त्याचा मराठी सोबती केवळ सरकारी पाट्यांपुरता उरला असून, गृहसंस्थेच्या सभेत विषय निघतो तो ‘फायर’चाच, आणि तेथे त्याचा अर्थ आग असा नसून कागद असा होतो. २००६ च्या राज्य अधिनियमानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘बी’ नमुना, म्हणजे परवानाधारक संस्थेने द्यावयाचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावा लागतो. तो फाईलला लागला की नळीच्या पेटीत झाडू, जिन्यात मोडक्या सायकली आणि गच्चीच्या दाराला कुलूप असूनही ‘फायरचे काम झाले’ असे सचिव निर्धास्तपणे जाहीर करतात. (कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हा विषय सहसा पुढील सभेवर जातो.)

शेजारच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी, जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला तेव्हा, याच शब्दामागे बंदूक होती आणि माणसे मेली. त्या अर्थाची थट्टा संभवत नाही.

तळोजा औद्योगिक वसाहतीत मात्र त्याने दोन सौम्य रूपे घेतली आहेत: ‘फायरिंग’ म्हणजे साहेबांची झापाझापी आणि ‘फायर करणे’ म्हणजे नोकरीवरून काढणे, त्यामुळे ज्याला रोज फायरिंग मिळते तो कामगार निवृत्तीपर्यंत टिकतो आणि ज्याला फायर करायचे असते त्याच्याशी साहेब आदल्या दिवसापासून अतिशय गोड बोलू लागतात.