वूफरशेठ

टोमॅटोचा पैसा कुठे गेला, हे २०२३ च्या पावसाळ्यानंतर मंचर ते नारायणगाव रस्त्यावर नुसतं उभं राहिलं तरी कानांना कळत होतं. त्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. कुणी सोसायटीचं कर्ज फेडलं, कुणी विहीर बांधून काढली, कुणी पोरीचं लग्न उरकलं. आणि गावागणिक एक जण असा निघाला, की ज्याने जुन्याच गाडीच्या डिकीत बारा इंची वूफर बसवला. तो वूफरशेठ. आमच्या जुन्नर-आंबेगावात चहाचे पैसे देणाराही शेठच असतो, त्यामुळे निम्मी पदवी फुकटची. उरलेली निम्मी त्याने स्वतः कमावलेली.

लोकांना वाटतं, याला गाण्याचं वेड आहे. छे! तमासगीर विठाबाईंच्या नारायणगावाशेजारी जन्म काढून या माणसाने एक लावणी शेवटपर्यंत ऐकलेली नाही. पेनड्राइव्हमध्ये गाणी भरपूर, पण वाजतात ती तीन-चार, आणि त्यांचीही सुरुवातच. ढोल दणकला की पुढचं. त्यात एक भजनही आहे. भक्ती म्हणून नव्हे, तर पखवाजाच्या धुमेसाठी. 'कणीक लावलेली धूम वाजली पाहिजे, नुसतं पातेलं नाही,' हा त्याचा निकष. बुवांचा आवाज सुरू व्हायच्या आत बटण दाबलेलं असतं.

त्याला खरा रस बिघाडात. आणि कंपनी फिटिंगच्या टेपला बाहेरचा वूफर जोडला की बिघाडाला तोटा नसतो. (कॅसेट जाऊन जमाना झाला, तरी आमच्याकडे तो टेपच.) या टेपच्या मागे वूफरसाठी वेगळी पिन नव्हती. मग मागच्या दाराच्या स्पीकरच्या वायरी सोलायच्या, त्या कन्व्हर्टरला द्यायच्या, तिथून अँपला. अँपच्या खोक्यावर चार हजार वॅट छापलेले. नववीतल्या पुतण्याने हिशेब मांडला: "काका, चार हजार भागिले बारा म्हणजे तीनशे तेहतीस अँपिअर. तुमचा फ्यूज तर तीसचा आहे."

"ते पीक वॅट असतात रे," शेठ म्हणाला. पिकाच्या आकड्यावर विसंबायची सवय घराण्यातच आहे.

घरच्यांचा विरोध त्याने वेगळ्याच मार्गाने मोडला. अंधारात शेताकडे जाताना मोबाइलवर मोठ्याने गाणी लावा, म्हणजे बिबट्या बाजूला होतो, असं वनखात्याचे लोक सांगतात. शेठने तो सल्ला बारा इंचांपर्यंत ताणला. रात्री दहानंतर दणदणाटाला कायद्याने बंदी आहे म्हटलं, तर म्हणतो, कायदा बिबट्याला दाखवा. बायको म्हणाली, "बिबट्याचं मला माहीत नाही, म्हैस मात्र पान्हा चोरायला लागलीय."

मग एके दिवशी शिट्टी आली. गाडी चालू केली की वूफरमागून बारीक सूर, आणि पाय दाबला की सूर वर चढतो. शेठचा चेहरा काय फुलला! कळंबच्या टपरीवर समिती बसली. एकाच्या मते बॅटरी गेली. दुसऱ्याच्या मते माल डुप्लिकेट. तिसऱ्याने खोडदकडे बोट दाखवलं: "त्या दुर्बिणीचा करंट येतोय."

खोडदची रेडिओ दुर्बीण बिचारी करंट सोडत नाही, ती नुसती ऐकते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात, आभाळातलं पुसटात पुसट काही कानावर येतंय का म्हणून उभ्या. त्रास उलट तिलाच आमच्या यंत्रांचा होतो. पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्गही तिच्यापायी अडला. म्हणजे खरखरीचा छडा लावण्यात आयुष्य घालवणारे आमच्या तालुक्यात शेठ एकटेच नाहीत. फरक एवढाच, की तिकडच्यांना खरखर काढून पुढचं ऐकायचं असतं.

पुढचे कित्येक दिवस गावाने शेठचे पायच पाहिले. धड डिकीत. त्याने अँपमधल्या, आवाज आणणाऱ्या आरसीए पिना उपसल्या, शिट्टी गेली. म्हणजे अँप निर्दोष, घाण तारेतून येतेय. पॉवरची केबल आणि आरसीए एकाच बाजूने नेल्या होत्या, त्या दोन बाजूंना वेगळ्या केल्या. शिट्टी जराशी मवाळ झाली आणि तेवढ्यावरच अडली. आतून आवाज यायचा, "सापडलं! सापडलं!" पुन्हा गाडी चालू, पुन्हा शिट्टी. इतका सुखी माणूस मी नांगरणीनंतरच्या पहिल्या पावसातही पाहिलेला नाही.

शेवटी बायकोनेच गाडी नारायणगावच्या वायरमनकडे न्यायला लावली. वायरमन कमी बोलणारा. वाकला, अँपची काळी वायर बोटाने हलवली आणि स्क्रू काढला. खाली गाडीचा रंग शाबूत. "रंगावर अर्थिंग धरत नाही, शेठ." पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा पत्रा चमकेपर्यंत घासली, वायरीचा लग ठेवला, बोल्ट आवळला. शिट्टी साफ. मग वूफरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. दाराचे स्पीकर पुढे ढकलत होते तेव्हा वूफर मागे ओढत होता, म्हणून बेस मरत होता. तो भरून आला. जाता जाता त्याने गेनचा स्क्रू उलटा फिरवला. "हे आवाजाचं बटण नाही. डोकी फाटतील, माणसांची आणि अँपचीही." पैसे घेतले ते बोल्टचे आणि चहाचे.

शेठ परतला तो सुतक लागल्यासारखा. संध्याकाळी टपरीवर कुणी विचारलं, काय म्हणतो वूफर? "चालू आहे," एवढंच. गाणं पूर्ण वाजत होतं, मधेच बदलायचंही सुचेना.

चतुर्थीला तो आईला घेऊन ओझरच्या गणपतीला निघाला. म्हातारी नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर, वूफरच्या खोक्याला पाठ टेकून, मांडीवर दुर्वांची पिशवी. नारायणगाव मागे पडलं तशी ती चुळबुळायला लागली.

"आरं, आज टेप बंद हाय का?"

"चालूय की, आई. आता तर एकदम क्लिअर झालाय."

"कशाचं क्लिअर! पाठीला कायच लागंना. मणका कसा शेकून निघायचा."

शेठने तिथेच गाडी कडेला घेतली, डिकी उघडली आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला.